डंप विकण्याआधी एक हिशोब

मा. डॉ. प्रमोद सावंत,
मुख्यमंत्री, गोवा राज्य,
यांस,

हे पत्र डिचोली तालुक्यातून लिहितो आहे, आपल्या साखळी मतदारसंघापासून फार लांबून नव्हे. आपलं गाव कोठंबी. पाळी-कोठंबीच्या रस्त्यावरची लाल धूळ, पावसाळ्यात ओहोळाला येणारं विटकरी पाणी, वाड्याच्या पाठीशी डोंगरासारखे उभे राहिलेले खाणमातीचे डंप हे सगळं आपण लहानपणापासून पाहिलेलं असणार. किनाऱ्याकडच्या माणसाला डंप म्हणजे काय हे आधी समजावून सांगावं लागतं. आपल्या बाबतीत ती पायरी वगळता येते, एवढी तरी या पत्राची सोय आहे.

विषय डंपांचाच. वर्षानुवर्षं पडून असलेला हा माल उचलून विकायचा, तिजोरीत महसूल आणायचा आणि दारात उभे असलेले ट्रक पुन्हा चालू करायचे, असा आपल्या सरकारच्या २०२३ च्या डंप धोरणामागचा विचार दिसतो. गोव्यातल्या डंपांत सुमारे ७५ कोटी टन माल असल्याचा अंदाज नेहमी सांगितला जातो. आकडा ऐकला की कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी रुपयेच येतात. माझं म्हणणं असं की हा माल जमेच्या बाजूला मांडण्याआधी या डंपांखाली आणि डंपांच्या पुढ्यात जी शेतं गेली, जे झरे गेले, ते देण्याच्या बाजूला मांडा. ते देणं कुणाच्या नावावर आहे हे लिहा. आणि त्याची व्यवस्था लागेपर्यंत एकाही डंपाचा लिलाव पुकारू नका.

एवढे डंप गोव्यातच का झाले, याचं उत्तर जुन्या कागदांत आहे. पोर्तुगीज राजवटीने १९०६ च्या हुकमाखाली खाणींची कन्सेशनं वाटली ती लहान लहान तुकड्यांची, बहुतेक शंभर हेक्टरच्या आतली. त्या तुकड्याच्या जवळजवळ सगळ्याच भागाखाली खनिज. एक टन खनिज काढायला अडीच-तीन टन माती-दगड बाजूला करावा लागतो. तो टाकायचा कुठे? खाली खनिज शिल्लक असताना खड्डा बुजवायचा नाही हा खाणकामाचा नियम, खनिज गाडलं जाऊ नये म्हणून केलेला, आणि त्या दृष्टीने बरोबरही. पण त्याचा अर्थ असा झाला की माती लीजच्या बाहेर गेली. कुणाच्या भरडावर, कुणाच्या काजूच्या भाटात, कुठे डोंगराच्या उतरणीवर. जमीनमालकाच्या हातावर काही ठेवलं की काम भागत असे. १९८७ साली कायदा करून या कन्सेशनांची लीज केली गेली. कागद बदलला, माती टाकायची जागा तीच राहिली. पुढे चीनची मागणी आली, टाकाऊ म्हणून बाजूला सारलेलं हलक्या प्रतीचं खनिजही बोटीत चढू लागलं, आणि २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त माल बाहेर गेला. त्यात शेजारच्या राज्याचाही वाटा होता हे खरं. तरी गोव्याच्या वाट्याला अडीचाने गुणून पाहा, म्हणजे त्या एका वर्षात डोंगराच्या कडेला किती माती लोटली गेली ते कळेल.

सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात स्पष्ट सांगितलं की लीजबाहेर माल टाकता येणार नाही, जमीन खाजगी असली तरी नाही. तोवर निम्म्या शतकाची माती बाहेर पडून झाली होती.

आता त्या मातीचं पुढे काय होतं ते पाहू. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत. डंपाची सैल माती जूनच्या पहिल्या मोठ्या सरींना सुटते, ओहोळात उतरते आणि जिथे पाण्याचा वेग मंदावतो तिथे बसते. पाण्याचा वेग मंदावतो तो शेतात, कारण शेत केलेलंच असतं पाणी थांबवायला. हा गाळ नदीच्या पुराच्या गाळासारखा नसतो. पुराच्या गाळात पालापाचोळा असतो, त्याने जमीन कसदार होते. डंपाचा गाळ म्हणजे जमिनीच्या पोटातून काढलेली बारीक चिकण, त्यात ना कुजलेलं पान ना जीवजंतू. ओला असताना तो पायाला सोडत नाही आणि वाळला की टाइलसारखा घट्ट होतो. वर्षानुवर्षं बसत गेल्यावर कुणग्याची पातळीच वर येते, मग पाटाचं पाणी त्यात चढत नाही आणि साचलेलं पाणी बाहेर पडत नाही. पावसाळ्यातलं सरदाचं भात कसंबसं लावावं तर पानं तांबूस होऊन रोप खुरटतं. पावसाळ्यानंतरच्या वायंगणाचं तर नावच घ्यायला नको.

यावर उपाय म्हणून आमच्या भागात जी पद्धत रुजली तिच्याविषयी मला जरा सविस्तर बोलायचं आहे, कारण ती उपाय म्हणून ओळखली जाते आणि माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान तिनेच केलं. वर्षातून एकदा कंपनीचा माणूस यायचा, गाळ आलेलं क्षेत्र चौरस मीटरमध्ये मोजायचा आणि पिकाची भरपाई द्यायचा. आमच्या घरच्या शेतालाही ती मिळायची. कंपनी कोणती हे इथे गैरलागू आहे, गावोगाव थोड्याफार फरकाने हेच चालायचं. घरातल्या मोठ्यांना त्यात वावगं वाटलं नाही. नांगरणी नाही, लावणी नाही, पावसाची धास्ती नाही आणि पैसे मात्र घरपोच. कंपनीलाही ते परवडत होतं. शेतातला गाळ उपसून मूळ जमीन उघडी करायची, ओहोळ मोकळा करायचा, डंपाच्या पायथ्याशी भिंत घालायची, याला जेवढा खर्च आला असता त्याच्या एका कोपऱ्यात वर्षाची भरपाई भागत होती. दोन्ही बाजूंना सोयीचा असा हा व्यवहार होता. फक्त त्यात पैसे पिकाचे मिळत होते आणि जात होतं शेत.

शेत पडून राहिलं की त्याच्याबरोबर आणखी काय काय जातं, हे चौरस मीटरच्या मोजणीत येत नाही. आधी बैल विकले जातात. मग बांधाकडे कुणी लक्ष देत नाही, आणि एकाचा बांध फुटला की खालच्या दहा जणांचं शेत गेलं. खाडीलगतच्या गावांत पाणी अडवणाऱ्या मानशीची दारं कधी उघडायची, कधी पाडायची हे जाणणारी माणसं म्हातारी होतात आणि त्यांच्याकडून शिकायला कुणी उरत नाही. बियाणं राखणं थांबतं. पुढची पिढी ट्रकवर जाते. २०१२ च्या सप्टेंबरात बेकायदा खाणकामावरचा न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी थांबल्या आणि खाणींबरोबर भरपाईही थांबली. गाळ तेवढा जागेवर राहिला. जमीन-नोंदीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आमच्या त्या जमिनीपुढे आजही भातशेतीच लिहिलेली आहे.

आपल्याच सरकारने २०२३ साली भातशेतीची जमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. चांगला कायदा आहे, मी त्याचं मनापासून स्वागत केलं होतं. पण भाताची जमीन दिल्लीच्या बिल्डरने घेतली तर ती गेली असं आपण मानतो आणि गाळाखाली चाळीस वर्षं गेली तर ती शाबूत आहे असं धरतो, हे कसं काय? विकलेल्या जमिनीचा निदान फेरफार तरी होतो.

पाण्याची गोष्ट शेताहून अवघड आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. आपल्याकडच्या डोंगरांवर वर चिऱ्याचा थर. पावसाचं पाणी त्यातून खाली मुरतं. त्याच्या खाली, चिकणमातीच्या थरांच्या आड, जे मऊ, भुसभुशीत पावडर ओर सापडतं ते खाणवाल्याच्या दृष्टीने खनिज. पण भूजलाच्या दृष्टीने तीच डोंगराची टाकी. सच्छिद्र असल्यामुळे पाणी त्याच्यातच साठतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं. कुळागरं त्या झऱ्यांवर उभी राहिली, वायंगणही त्यांच्यावरच पिकलं. म्हणजे इथे खनिज काढायचं तर पाण्याची टाकीच उचलून न्यावी लागते. खाणीचा पिट पाण्याच्या पातळीखाली गेला की पंप बसतात, रात्रंदिवस उपसा होतो आणि आसपासच्या विहिरी फेब्रुवारी-मार्चमध्येच तळ दाखवतात. काही पिट तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले. शिरगावात श्रीदेवी लईराईच्या जत्रेला साऱ्या गोव्यातून, सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातूनही धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, येतात, पवित्र स्नान करतात. त्या गावाला खाणींनी कसं घेरलं आणि तिथल्या तळ्यांचं, विहिरींचं काय झालं, हे उच्च न्यायालयापर्यंत गेलेलं प्रकरण आहे. आपल्याला त्याची नव्याने ओळख करून द्यायला नको.

खाण बंद पडल्यावर हेच उलटं होतं. पंप थांबतात, पिट भरतात आणि निळंहिरवं, दिसायला सुंदर तळं तयार होतं. पर्यटकांना फोटोसाठी ते आवडतं. पण डोंगराच्या खांद्यावर अडकलेलं ते पाणी आहे आणि त्याला धरून ठेवणारी भिंत बहुतेक ठिकाणी सैल मातीची. २९ जुलै २०२१ रोजी आपल्या सीमेलगत, दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावात खाणीतल्या पाण्याने बांध फोडला आणि चिखलाचा लोंढा घरांत, बागायतीत शिरला. त्याच्या कितीतरी आधी, जून २००९ मध्ये, डिचोली तालुक्यातल्या अडवलपालने असाच लाल चिखलाचा पूर पाहिला आहे.

आता कायद्याकडे. खाण बंद झाल्यावर जमीन नीट करून द्यायची हे बंधन खनिज संवर्धन नियमांत आहे. दर पाच वर्षांनी टप्प्याटप्प्याचा आराखडा, बंद करण्याच्या दोन वर्षं आधी अंतिम आराखडा, आणि तो पाळला जावा म्हणून हमीची रक्कम. २००३ च्या नियमांनी ही हमी मोठ्या, 'अ' वर्गाच्या खाणींसाठी हेक्टरी २५ हजार रुपये ठरवली. २०१७ साली ती तीन लाख आणि २०२१ साली पाच लाख झाली. म्हणजे गोव्यात खाणकामाचा सगळ्यात मोठा धडाका चालू होता त्या वर्षांत शंभर हेक्टर उकरणाऱ्याने सरकारकडे ठेवायची हमी होती २५ लाख. एवढ्यात फार तर एक नवा टिप्पर येतो. हमी बुडवून निघून जाणं हा त्यातला सरळ फायद्याचा मार्ग होता, आणि तसा कुणी गेला तरी त्याला लबाड म्हणता येईल का, अशी शंका येते. नियमच तसा होता.

आणि निघून जाण्याची वेळही कुणावर आली नाही. अंतिम आराखडा लागतो तो खनिज संपलं म्हणून खाण बंद करताना. आपल्याकडे खाणी बंद पडल्या त्या न्यायालयाच्या आदेशाने. लीजची मुदत २२ नोव्हेंबर २००७ लाच संपली होती असं २०१४ च्या निकालाने ठरवलं. तरीही ८८ लीजचं नूतनीकरण झालं आणि ते ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झालं. १६ मार्चपासून काम थांबलं. २०२२ च्या मे महिन्यात आपल्या सरकारने या ८८ जणांना महिन्याभरात लीज क्षेत्र खाली करायला सांगितलं. न्यायालयात ते टिकलंही. यंत्रं गेली, शेड उतरवली गेली. खड्डा आणि डंप कुणाला नेता येत नाही, ते राहिले. भाडेकरूने घर सोडताना निदान भिंती तरी जागेवर असतात. आणि आता जुनी लीज एकत्र करून नवे ब्लॉक केले, लिलाव झाले. डिचोलीच्या ४७८ हेक्टरच्या पहिल्या ब्लॉकमध्ये २०२४ साली काम सुरूही झालं. नव्या लीजधारकाला विचारलं तर तो म्हणणार, जुना डंप माझा नव्हे. जुन्याला विचारावं तर त्याचा आता त्या जागेशी संबंध नाही. दोघंही कायद्याच्या भाषेत खरंच बोलतात. मग त्याच परिसरातल्या मुळगाव-पिळगावच्या शेतकऱ्याने रस्त्यावर बसून ट्रक अडवण्याशिवाय दुसरं काय करायचं?

सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी, सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने, आदेश दिला की खाणकाम संपल्यावर त्या जागेवर आणि खाणकामामुळे बिघडलेल्या इतर जागेवरही पुन्हा गवत उगवलं पाहिजे, चारा, वनस्पती, प्राणी यांना जगता येईल अशी ती जमीन झाली पाहिजे, आणि ही अट प्रत्येक लीजमध्ये, पर्यावरणीय मंजुरीत घातली गेली पाहिजे. त्यातले 'इतर जागेवरही' हे शब्द आमच्यासाठी महत्त्वाचे आहेत. नव्या ब्लॉकांच्या करारात ते कोणत्या रूपात उतरले आहेत, ते गावच्या पंचायतीच्या फलकावर लावलेत तर बरं होईल.

हिरवाईबद्दलही बोललं पाहिजे, कारण पुनर्वसनाचा विषय काढला की लगेच झाडांचा आकडा पुढे येतो. ऐंशीच्या दशकापासून गोव्यातल्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशियाची लागवड झाली. झाड चिवट, कसल्याही मातीत धरणारं. दोन-तीन वर्षांत डंप हिरवा दिसू लागतो आणि फोटो चांगला येतो. पण त्याचा पाला लवकर कुजत नाही, गुरं त्याला तोंड लावत नाहीत आणि त्याच्याखाली दुसरं फारसं काही उगवत नाही. डंप घसरू नये म्हणून त्याचा उपयोग झाला, तो नाकारत नाही. काही डंपांवर पायऱ्या पाडून काथ्याच्या जाळ्या अंथरल्या, कडेने चर खोदले, तिथे माती खरोखरच धरली. गोवा विद्यापीठातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या ओसाड मातीत मुळांशी जगणाऱ्या बुरशांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. कुठली रोपं कोणत्या बुरशीच्या आधाराने टिकतात हे ज्ञान इथे, आपल्या राज्यात, तयार आहे. आणि आपल्याच साखळीत जुन्या खाणीच्या जागेवर बांबू, फुलपाखरांची बाग, फुटबॉलचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. ते चांगलं झालं, आणि कुणी तसं करून दाखवलं तर त्याला श्रेय दिलंच पाहिजे. तरी माझी अडचण अशी आहे की साखळीची ती जागा दाखवून बाकीच्या सगळ्यांचा विषय संपवला जातो. शिवाय झाडं लावलेली ती जागा डंपाची किंवा खड्ड्याची असते. ज्याचं शेत गाळाखाली गेलं तो डोंगरावरच्या बांबूकडे बघून काय करणार?

म्हणून मोजमाप बदलायला हवं. किती झाडं लावली, किती जगली, हे वनखात्याने जरूर मोजावं. पण डंपाच्या पायथ्याचं शेत दुरुस्त झालं की नाही हे भातावरून ठरवा. गाळ उपसून, जुना थर लागेपर्यंत जमीन उघडी करून, ओहोळ आणि पाट मोकळे करून, धैंचा-तागाचं हिरवळीचं खत गाडून मग पेरणी झाली पाहिजे. आणि सलग पाच वर्षं ज्योती किंवा जया भाताचं पीक शेजारच्या चांगल्या शेताइतकं आलं, तरच ती जमीन परत मिळाली असं धरावं. जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, तिच्या शास्त्रज्ञांकडून हे तपासून घेता येईल. कंपनीच्या सल्लागाराचा अहवाल यासाठी नको. तसंच झऱ्याचं. मे महिन्यात झऱ्याला किती पाणी आहे हे दरवर्षी मोजा, लिहून ठेवा, गावकऱ्यांसमोर मोजा. अमेरिकेत कोळशाच्या खाणींसाठी १९७७ साली केलेल्या कायद्यात हमीची रक्कम अशीच टप्प्याटप्प्याने सुटते आणि पुन्हा उगवलेली वनस्पती पावसाळी भागात किमान पाच वर्षं टिकून दाखवावी लागते. त्याच कायद्याने जुन्या, मालक नसलेल्या खाणींच्या दुरुस्तीसाठी चालू खाणींच्या प्रत्येक टनावर शुल्क लावलं. आपल्याकडे त्या मानाने सोय जास्त आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. २०१४ च्या निकालाने निर्माण केलेला गोवा लोहखनिज स्थायी निधी आहे. पैसा अजिबात नाही अशी परिस्थिती नाही.

आता पुन्हा डंपांकडे. माझी भीती अशी आहे. आजच्या भावात विकण्यासारखा माल ज्या डंपांत आहे ते आधी उचलले जातील, आणि ज्यांत नुसती चिकण आणि मुरूम आहे ते जागेवरच राहतील. शेतावर येणारा गाळ मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या डंपांतूनच येतो. शिवाय उचलायचा म्हणजे तो पुन्हा फोडायचा. ज्या डंपावर वीस-पंचवीस वर्षांत काही ना काही उगवलं, मुळांनी माती बांधली, तिथे पुन्हा यंत्र चढेल, पुन्हा पाऊस येईल आणि पुन्हा तीच माती त्याच शेतात. पहिल्यांदा झालं ते अज्ञानाने झालं असं म्हणायला जागा होती. टेरी या संशोधन संस्थेने १९९७ साली गोव्याच्या खाणपट्ट्याच्या पर्यावरणाचा आराखडा सादर केला, तेव्हापासून ती जागाही राहिलेली नाही.

तेव्हा डंपाच्या लिलावाची अट अशी करा की जो माल उचलेल तो त्या डंपाखालची जागा आणि डंपाच्या गाळाने व्यापलेलं खालचं शेत, दोन्ही मोकळं करून देईल. विकण्याजोगा डंप हवा असेल तर त्याच ओहोळाच्या पाणलोटातला न विकला जाणारा डंपही त्याच्याच माथी. बोली कमी येईल, मान्य. पण आत्ता जी जास्त बोली येते ती कुणाच्या खिशातून येते, हे आपल्या अर्थखात्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. कोणता गाळ कोणत्या डंपाचा हे कसं ठरवणार, असा प्रश्न अधिकारी काढतील. ओहोळ वर चढत जावं, सापडतो. आपण स्वयंपूर्ण गोव्यासाठी पंचायतीगणिक अधिकारी नेमले, त्यांना स्वयंपूर्ण मित्र म्हटलं. खाणपट्ट्यातल्या मित्रांना एका हंगामासाठी हेच काम द्या. सर्व्हे नंबरवार गाळाचं क्षेत्र, कुळाचं आणि मालकाचं नाव, वरचा डंप, त्या डंपाचा मूळ लीजधारक, त्याने ठेवलेली हमी आणि ती कुठे आहे. भरपाईच्या जुन्या पावत्या घरोघरी जपून ठेवलेल्या आहेत, त्यांच्यावर तारखा आहेत, शिक्के आहेत. कोणत्या खाणीने कोणत्या शेताचं नुकसान कबूल केलं होतं याचा याहून चांगला पुरावा कुठल्याही समितीला मिळणार नाही.

ट्रकमालकांचं काय, असं विचारलं जाईल, आणि विचारलंच पाहिजे. २०१२ नंतर आणि पुन्हा २०१८ नंतर बँकेचे हप्ते थकलेली घरं मी पाहिली आहेत, नात्यातली पाहिली आहेत. पण गाळ उपसायला, डंपाच्या पायऱ्या पाडायला, ओहोळ खोल करायला तेच टिप्पर, तेच एक्स्कॅव्हेटर, तेच चालक लागतात. या कामाचा दर टनामागे ठरवून द्या, स्थानिक ट्रकांना आधी द्या. बंदराकडे जाणारी फेरी आणि डंपाकडे जाणारी फेरी, डिझेल दोन्हीला सारखंच लागतं.

एक छोटी गोष्ट राहिली. पिटांत साचलेलं पाणी पंपाने खाली आणून काही गावांत वायंगण होतं. खाण चालू होती तेव्हा तो पंप कंपनी चालवायची. बंद पडली की कधी सरकारने तो चालवला, कधी कंपनीने, कधी कुणीच नाही. झऱ्याच्या जागी आलेलं हे पाणी आहे, ते उपकार म्हणून मिळायला नको. नव्या लीजच्या करारात या पाण्याचं कलम घाला, आणि ज्या पिटांना आज मालकच नाही तिथला पंप जलस्रोत खात्याने घ्यावा, असा आदेश काढा. वायंगणाची पेरणी डिसेंबरात होते. तोवर पंपाचं वीजबिल कोणत्या खात्यावर पडणार हे ठरलेलं असलं, म्हणजे शेतकऱ्याला रोपं काढायची की नाहीत ते कळेल.

आपला,
डिचोली तालुक्यातला एक शेतकरी